एक प्रांजळ वाचक

लंडन शहरापासून सुमारे १६ मैलांवर डाऊन नावाचे एक लहानसे खेडे आहे. १८७६ सालच्या उन्हाळ्यात त्या खेड्यातील एका प्रशस्त घरात ६७ वर्षांचा एक वृद्ध गृहस्थ दुपारच्या वेळी तासभर काही लिहीत बसलेला दिसे. पांढरीशुभ्र दाढी, रुंद कपाळ आणि जाड भुवयांखालचे शांत डोळे, असे त्याचे रूप होते. त्याचे नाव चार्ल्स डार्विन. सजीवांच्या निरनिराळ्या जाती कशा उत्पन्न होत गेल्या, याचा उलगडा करणारा त्याचा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला होता आणि त्यामुळे त्याचे नाव जगभर गाजत होते. परंतु त्या उन्हाळ्यात तो जे लिहीत होता, ते विद्वानांसाठी नव्हते. आपल्या मुलानातवंडांना वाचण्यासाठी तो स्वतःच्या आयुष्याची हकीकत लिहीत होता.

या हकीकतीत डार्विनने आपल्या वाचनाविषयी फार मोकळेपणाने लिहिले आहे. कोणत्या पुस्तकाने आपल्याला आनंद दिला आणि कोणत्या पुस्तकाने आपली निराशा केली, हे सांगताना त्याने कोणाची भीड बाळगली नाही. स्वतःचीही बाळगली नाही. पुस्तक आवडले नाही, तर त्यात उणीव पुस्तकाची आहे की वाचणाऱ्याची, याचाही तो विचार करी. म्हणूनच या थोर शास्त्रज्ञाच्या वाचनाची कथा ऐकण्यासारखी आहे.

डार्विनचा जन्म १८०९ साली श्रूझबरी या गावी झाला. शाळेत त्याची गणना हुशार विद्यार्थ्यांत होत नसे. त्या काळी शाळांतून मुख्यतः ग्रीक आणि लॅटिन या प्राचीन भाषा शिकवीत. जुन्या कवींच्या चाळीस-पन्नास ओळी तो सकाळी पाठ करी. परंतु दोन दिवसांत त्यांतील एकही ओळ त्याला आठवत नसे. असे असूनही त्याला वाचनाचा कंटाळा होता, असे कोणी म्हणू शकले नसते. शाळेच्या जाड भिंतीत एक जुनी खिडकी होती. त्या खिडकीत बसून शेक्सपिअरची ऐतिहासिक नाटके वाचण्यात त्याचे तासचे तास निघून जात.

शाळेतील एका मुलाजवळ जगातील आश्चर्यांचे वर्णन करणारे एक पुस्तक होते. डार्विन ते वरचेवर वाचीत असे. ते वाचून दूरदूरचे देश आपल्या डोळ्यांनी पाहावेत, अशी ओढ त्याला लागली. मात्र एखादी गोष्ट पुस्तकात छापली आहे एवढ्यावरून ती खरी मानावी, हे त्याला पटत नसे. त्यातील अमुक विधान खरे असेल काय, यावरून सोबत्यांशी त्याचा वाद जुंपे. पुस्तकावर प्रेमही करावे आणि त्याला प्रश्नही विचारावेत, ही सवय त्याला लहानपणीच जडली होती.

त्याच सुमारास त्याच्या हाती आणखी एक पुस्तक पडले. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या एका धर्मोपदेशकाने सेलबोर्न या आपल्या गावातील सृष्टीचे वर्णन लिहून १७८९ साली प्रसिद्ध केले होते. सिंहाची शिकार किंवा समुद्रावरील वादळे यांसारखे थरारक प्रसंग त्यात नव्हते. गावात पाकोळ्या कधी दिसू लागतात, त्या घरटी कशी बांधतात, बागेतील कासव थंडीत काय करते, अशा साध्या गोष्टी व्हाइटने वर्षानुवर्षे निरखून लिहिल्या होत्या. ते पुस्तक वाचल्यावर डार्विन स्वतः पक्ष्यांकडे निरखून पाहू लागला व त्यांच्या सवयींची टिपणे करू लागला. प्रत्येक सुशिक्षित माणूस पक्ष्यांचा अभ्यासक का होत नाही, याचेच त्या मुलाला नवल वाटू लागले! चांगले पुस्तक वाचकाला आपल्यापाशी अडकवून ठेवीत नाही. ते त्याला बाहेरच्या जगाकडे पाठविते. व्हाइटच्या पुस्तकाने डार्विनला आपल्या अंगणाकडे पाहावयास शिकविले.

तरुणपणी, केंब्रिज येथे शिकत असताना, त्याने हम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाचे प्रवासवर्णन वाचले. दक्षिण अमेरिकेतील अरण्ये, नद्या आणि पर्वत यांच्या त्या वर्णनांनी त्याला वेडच लावले. अटलांटिक महासागरातील टेनेरिफ या बेटाच्या वर्णनाचे लांबलचक उतारे त्याने स्वतःच्या हाताने उतरून घेतले आणि एका सहलीत सोबत्यांना वाचून दाखविले. हे पुस्तक आणि हर्शेल या ज्योतिर्विदाचा विज्ञानाच्या अभ्यासावरील ग्रंथ यांनी आपल्या मनावर जेवढा परिणाम केला, तेवढा दुसऱ्या डझनभर पुस्तकांनीही केला नाही, असे तो म्हणतो. शास्त्राच्या इमारतीत आपणही एखादी लहानशी वीट बसवावी, ही उमेद त्याला या दोन ग्रंथांनी दिली.

पुढे ‘बीगल’ या जहाजावरून जगप्रवास करण्याची संधी त्याला मिळाली. २७ डिसेंबर १८३१ रोजी जहाज निघाले आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते टेनेरिफ बेटापाशी येऊन पोचले. ज्या बेटाचे वर्णन डार्विनने इतक्या प्रेमाने उतरून घेतले होते, ते आता डोळ्यांसमोर उभे होते. परंतु इंग्लंडात पटकीची साथ असल्यामुळे बारा दिवस थांबल्याशिवाय कोणालाही किनाऱ्यावर पाऊल ठेवता येणार नाही, असा हुकूम झाला. कप्तानाने लगेच शिडे उभारावयास सांगितले. पुस्तकातील ते बेट डार्विनला दुरूनच पाहावे लागले.

या प्रवासात त्याच्याजवळ लायेल या भूशास्त्रज्ञाच्या ग्रंथाचा पहिला खंड होता. पृथ्वीच्या पृष्ठभागाला आजचे रूप अचानक झालेल्या महाप्रलयांनी आले, असे तेव्हाचे बहुतेक विद्वान मानीत. लायेलचे म्हणणे निराळे होते. पाऊस, वारा, नद्या, भूकंप व ज्वालामुखी हीच कारणे लक्षावधी वर्षे हळूहळू काम करीत आली आणि त्यांनीच हे रूप घडविले, असे त्याने प्रतिपादिले होते. हेन्स्लो हे डार्विनचे आवडते गुरू. त्यांनी त्याला सल्ला दिला होता, की हा ग्रंथ अवश्य वाच, परंतु त्यातील मते मात्र मुळीच स्वीकारू नकोस.

डार्विनने या सल्ल्याचा पहिला भाग पाळला. दुसऱ्या भागाचा निर्णय त्याने पुस्तक वाचून झाल्यावर आणि प्रत्यक्ष जमीन पाहिल्यावर घेतला. आफ्रिकेच्या पश्चिमेस असलेल्या सेंट जागो या बेटाच्या कड्यात त्याला समुद्राच्या पाण्यापेक्षा उंचावर शिंपल्यांचा एक पांढरा थर दिसला. जो थर एके काळी समुद्राच्या तळाशी होता, तो पुढे वर उचलला गेला होता. १८३५ साली चिली देशात मोठा भूकंप झाला, तेव्हा तेथील किनाऱ्याची जमीन काही फूट वर आल्याचे त्याने पाहिले. लायेलचा ग्रंथ जे सांगत होता, त्याला पृथ्वीच साक्ष देत होती. डार्विनचे गुरूवरील प्रेम जन्मभर कायम राहिले. परंतु ग्रंथाविषयीचे मत त्याने स्वतःच्या डोळ्यांनी ठरविले. पुढे आपल्या प्रवासवर्णनाची दुसरी आवृत्ती त्याने लायेललाच अर्पण केली.

आनंद देणाऱ्या ग्रंथांविषयी मोकळेपणाने बोलणे सोपे असते. परंतु ज्याचा मान राखावा अशा माणसाच्या ग्रंथाने निराशा केली, तर काय करावे? डार्विनपुढे असा प्रसंग आला होता. त्याचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे नामांकित वैद्य आणि कवी होते. त्यांनी ‘झूनोमिया’ नावाचा मोठा ग्रंथ लिहिला होता. सर्व उष्ण रक्ताचे प्राणी एकाच मूळ सजीव तंतूपासून उत्पन्न झाले असावेत, अशी धाडसी कल्पना त्यात मांडली होती. तरुणपणी डार्विनने तो ग्रंथ वाचला, तेव्हा तो त्याला फारच आवडला. दहा-पंधरा वर्षांनी त्याने तोच ग्रंथ पुन्हा वाचला आणि या वेळी त्याची मोठी निराशा झाली. ग्रंथ तोच होता. वाचणारा मात्र बदलला होता. मधल्या काळात डार्विन पुरावा मागावयास शिकला होता. आजोबांच्या ग्रंथात तर्क पुष्कळ, पण त्यांना आधार देणारी माहिती थोडी, असे त्याला दिसून आले आणि त्याने ते तसेच लिहून ठेवले. यात आजोबांविषयी अनादर नव्हता. १८७९ साली, स्वतःच्या वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्याने याच आजोबांचे चरित्र मोठ्या आस्थेने लिहिले. प्रेम आणि परखडपणा ही दोन्ही एकाच मनात नांदू शकतात, हे यावरून दिसते.

पेली नावाच्या लेखकाच्या ग्रंथांविषयी त्याने जे लिहिले आहे, तेही असेच आहे. केंब्रिज येथे परीक्षेसाठी हे ग्रंथ वाचताना त्यांतील मुद्देसूद मांडणीमुळे त्याला भूमितीतील सिद्धान्त वाचल्यासारखा आनंद झाला होता. पुढे स्वतःच्या संशोधनानंतर पेलीचा मुख्य युक्तिवाद त्याला टिकण्यासारखा वाटेना. तरीसुद्धा, आपल्याला तो कधी आवडलाच नव्हता, असे तो म्हणाला नाही. मत बदलले म्हणून पूर्वीचा आनंद खोटा ठरत नाही, हे त्याला माहीत होते.

१८४४ साली सृष्टीच्या उत्पत्तीविषयी एक पुस्तक लेखकाच्या नावावाचून प्रसिद्ध झाले. सजीवांच्या जाती बदलत जातात, असेच त्याचेही म्हणणे होते. आपल्याच मताचे पुस्तक पाहून एखाद्याने त्याची स्तुती केली असती. डार्विनने आपला मित्र हूकर यास पत्रातून कळविले, की लेखनशैली आणि मांडणी उत्तम आहे. पण भूशास्त्र कच्चे आहे आणि प्राणिशास्त्र त्याहूनही कच्चे! मात्र पुढे जेव्हा त्याने स्वतःच्या ग्रंथात पूर्वीच्या लेखकांचा आढावा घेतला, तेव्हा या पुस्तकाने लोकांचे लक्ष या प्रश्नाकडे वेधून मोठे काम केले, हेही त्याने आवर्जून नोंदविले. दोष दिसले म्हणून गुण झाकावेत, हा त्याचा स्वभाव नव्हता.

डार्विनचे वाचन मोठे शिस्तीचे होते. वाचावयाच्या आणि वाचून झालेल्या पुस्तकांच्या याद्या तो वर्षानुवर्षे वहीत लिहीत असे आणि कित्येक नावांपुढे आपले मतही दोन-चार शब्दांत नोंदवी. वाचताना तो पेन्सिलीने खुणा करी आणि पुस्तकाच्या शेवटी त्या पानांची यादी करून ठेवी. आणखी एक नियम त्याने कटाक्षाने पाळला होता. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी एखादी गोष्ट वाचनात आली किंवा सुचली, की तो ती ताबडतोब टिपून ठेवी. कारण, आपल्याला अनुकूल असलेल्या गोष्टींपेक्षा प्रतिकूल गोष्टी मनातून लवकर निसटून जातात, असा त्याचा अनुभव होता.

पुस्तकांच्या बाह्य रूपाची मात्र त्याला मुळीच पर्वा नव्हती. पुस्तक म्हणजे त्याच्या लेखी कामाचे हत्यार. एखादे पुस्तक हातात धरण्यास जड वाटले, तर तो ते सरळ मधोमध कापून त्याचे दोन भाग करी! लायेलचे एक पुस्तक आपल्याला असे कापावे लागले, असे त्याने खुद्द लायेलला सांगितले आणि त्यामुळे पुढील आवृत्ती दोन भागांत काढणे लायेलला भाग पडले, असे तो मोठ्या गमतीने सांगत असे. ही सवय काही अनुकरण करण्यासारखी नव्हे. परंतु पुस्तके कपाटाच्या शोभेसाठी नसून वाचण्यासाठी असतात, ही त्यामागची भावना मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे.

त्याची प्रकृती नेहमी नाजूक असे. काम करून थकल्यावर तो कोचावर पडून राही आणि त्याची पत्नी एमा त्याला कादंबऱ्या वाचून दाखवी. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण कादंबऱ्या आपल्याला मनापासून आवडतात, हे सांगण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. सर्व कादंबरीकारांचे तो आभार मानतो. त्याची अट एकच होती: शेवट दुःखाचा नसावा. दुःखान्त कादंबऱ्यांना बंदी करणारा कायदाच व्हावा, असे तो थट्टेने म्हणतो.

पण याच ठिकाणी त्याच्या हकीकतीतील सर्वांत प्रांजळ भाग येतो. तरुणपणी काव्य त्याला अत्यंत प्रिय होते. ‘बीगल’च्या प्रवासात किनाऱ्यावर भटकंतीला जाताना एकच पुस्तक नेता येत असले, तर तो मिल्टन या कवीचे महाकाव्य बरोबर घेई. पुढे अनेक वर्षे तो शास्त्राच्या अभ्यासात बुडून गेला. वार्धक्यात त्याने शेक्सपिअर पुन्हा उघडून पाहिला. ज्या नाटकांनी शाळेतील त्या खिडकीत त्याला तहानभूक विसरावयास लावली होती, तीच आता त्याला इतकी नीरस वाटली, की ती वाचवेनात. चित्रे आणि संगीत यांची गोडीही बरीचशी नाहीशी झाली होती.

येथे डार्विनला सहज म्हणता आले असते, की शेक्सपिअरची थोरवी लोक उगाच गातात. जगप्रसिद्ध माणसाचे ते मत पुष्कळांनी मानलेही असते. परंतु तो तसे म्हणत नाही. आजोबांचा ग्रंथ उघडल्यावर त्याला उणीव दिसली ती ग्रंथात. शेक्सपिअर उघडल्यावर त्याला उणीव दिसली ती स्वतःमध्ये. माहितीच्या ढिगांतून नियम दळून काढणारे एखादे यंत्र असावे, तसे आपले मन होऊन गेले आहे, अशी खंत तो व्यक्त करतो. काव्यसंगीताची आवड जाणे म्हणजे सुखाला मुकणे होय. त्यामुळे बुद्धीची आणि स्वभावाचीही हानी होत असावी, असे त्याला वाटे. पुन्हा आयुष्य जगावयास मिळाले, तर आठवड्यातून एकदा तरी थोडे काव्य वाचण्याचा आणि थोडे संगीत ऐकण्याचा नियम करीन, असे त्याने लिहून ठेवले. वापर न केलेला अवयव दुबळा होतो, त्याप्रमाणे न जोपासलेली आवडही सुकून जाते, हे त्याला स्वतःच्या आयुष्यावरून कळले होते. मुलांना सांगण्यासारखी याहून मोलाची गोष्ट त्याच्या हकीकतीत क्वचितच असेल.

तरी नव्या ग्रंथाने आनंदित होण्याची शक्ती त्याच्या ठायी अखेरपर्यंत जिवंत होती. १८८२ सालच्या आरंभी प्राचीन ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याच्या प्राणिशास्त्रावरील एका ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर ऑगल या विद्वानाने त्याच्याकडे पाठविले. २२ फेब्रुवारी रोजी डार्विनने त्यास पत्र लिहिले. पुस्तकाचा पाव भागसुद्धा अजून वाचून झालेला नाही, हे त्याने प्रथमच कबूल केले. लिनीअस आणि क्यूव्हिए या दोन शास्त्रज्ञांना आपण आजवर देवासमान मानीत आलो. परंतु या वृद्ध ॲरिस्टॉटलपुढे ते केवळ शाळकरी पोरे होत, अशा शब्दांत त्याने आपला आनंद कळविला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, १९ एप्रिल १८८२ रोजी, डार्विनचा अंत झाला.

त्र्याहत्तर वर्षांच्या त्या वृद्धाने आयुष्यभर जपलेले आपले मत एका पुस्तकाच्या काही पानांमुळे आनंदाने बदलले. लहानपणी खिडकीत बसून वाचणारा तो मुलगा अखेरपर्यंत त्याच्यामध्ये होता, असेच म्हणावे लागेल.

स्वाध्याय

१. हेन्स्लो यांनी लायेलच्या ग्रंथाविषयी डार्विनला कोणता सल्ला दिला? त्यातील दुसऱ्या भागाचा निर्णय त्याने कसा घेतला?

२. ‘झूनोमिया’ हा ग्रंथ दुसऱ्यांदा वाचताना डार्विनची निराशा का झाली?

३. आजोबांच्या ग्रंथाने झालेली निराशा आणि शेक्सपिअरच्या नाटकांनी झालेली निराशा यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.

४. प्रतिकूल गोष्टी ताबडतोब टिपून ठेवण्याचा नियम डार्विनने का केला होता?

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : भीड बाळगणे, वाद जुंपणे, तहानभूक विसरणे, साक्ष देणे.

६. पूर्वी आवडलेले एखादे पुस्तक पुन्हा वाचा. ते आता कसे वाटते, ते कारणांसह दहा ओळींत प्रांजळपणे लिहा.